नोंद मिळाली

आमच्या ह्यांचं नाव बाळ. लाडाचं नाही, शाळेच्या दाखल्यावरसुद्धा बाळच. पोस्टमन नवीन आला की दारात उभा राहून 'बाळ टिपणीस कोण?' म्हणून हाक मारतो आणि आतून पांढऱ्या केसांचे हे बाहेर आले की त्याला हसू आवरत नाही. मी लतिका, ह्यांची बायको. माहेर पेणचं, सासर रोह्याचं आणि तोंड माझं स्वतःचं, फटकळ. ह्यांच्याबद्दल गावात काय बोलतात ते मला ठाऊक आहे. नदीकाठच्या वाडीत पाणी शिरलं त्या दिवशी टिपणीस मास्तर कळवायला विसरले, असं बोलतात. ते विसरले नव्हते. मला सांगायचंय ते एवढंच, पण माणूस कोण होता ते कळल्याशिवाय ते कळायचं नाही.

माणूस मोजणारा. हायस्कुलात भूगोल आणि गणित शिकवायचे. पहिली नोकरी कासूला लागली तेव्हा स्टेशन ते शाळा पायी जाताना वाटेतल्या विहिरींचं पाणी किती खाली गेलं ते रोज बघायचे म्हणे. आमचं लग्न पेणला झालं. नवरदेव मांडवात आले, वर बघितलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मांडवाचा उतार पाहुण्यांच्या बाजूला आहे, वळीव आला तर पंगतीवर येईल." वडिलांना राग आला. लग्नात असलं कोण बोलतं? संध्याकाळी वळीव आला आणि माझ्या दोन्ही आत्या भिजल्या. वडील पुढे सांगायचे, जावई हुशार आहे पण बोलायची वेळ कधी कळली नाही त्याला.

कुंडलिका नदी त्यांना कधी लागली ते मला नीट सांगता येणार नाही. तो मोठा पूर येऊन गेला ना, सगळ्या कोकणानं बघितलेला, त्यानंतरच असावी. जुन्या पुलाच्या खांबावर पांढऱ्या-काळ्या पट्ट्या रंगवलेल्या आहेत आणि वर धोक्याची एक लाल रेघ. पावसाळ्यात रोज सकाळी हे छत्री घेऊन पुलावर जायचे, पाणी कुठल्या पट्टीला टेकलंय ते बघायचे आणि घरी येऊन लिहायचे. पाऊस जोरात असला की दिवसातून चार चार खेपा. मी म्हणायची, "कुंडलिकेशीच लग्न करायचं होतंत, मला कशाला आणलीत?" ते म्हणायचे, "ती स्वयंपाक करत नाही." असा सगळा विनोद.

पेणमध्ये मग एक मंडळ निघालं. तीन नद्यांच्या काठची माणसं, बहुतेक रिटायर्ड मास्तर, आपापल्या पुलावरचं पाणी बघून कळवायची. ह्यांना काठावरच्या वाड्यांची काळजी. रोह्याच्या खाली नदी वळते तिथे कातकऱ्यांची एक वाडी आहे. त्या वाडीतला मंगळ्या ह्यांच्या वर्गात काही दिवस होता, मग वीटभट्टीवर गेला तो परत शाळेत आला नाही. पण मास्तरांना विसरला नाही. लाल रेघेच्या खाली दोन पट्ट्या पाणी आलं की हे मंगळ्याला फोन करायचे आणि वाडी उठून वरच्या शाळेत जायची. मास्तरांचा फोन आला की उठायचं, हा वाडीचा कायदाच झाला होता. एका वर्षी भर दुपारी असंच पाणी आलं. मंगळ्यानं आईला, ठमाबाईला, पाठीवर घेऊन वर नेलं. पुढच्या आठवड्यात ती म्हातारी काठी टेकत टेकत आमच्या दारात आली, रानातल्या शेवळांची जुडी ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "तुज्या घरवाल्यान वाचवलान गो मला." मी तिला चहा दिला. ती पायरीवर बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

त्यानंतर दर वर्षी आली. आम्हा दोघींचं गोत्र काही जुळत नव्हतं, पण बसायची, तंबाखू मळायची, सुनेची, पारीची, तक्रार सांगायची. मी पण माझ्या वर्षभराच्या तक्रारी सांगून घ्यायची.

तर असा हा माणूस. आणि अशा माणसाच्या डोक्याला वाळवी लागावी?

आधी मला कळलंच नाही. एकदा हे बाजारातून मांदेली घेऊन आले. मी साफ करायला बसले तोवर परत पिशवी घेऊन बाहेर पडले आणि परत मांदेली घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, सगळ्या आळीला जेवायला बोलावलंय का?" दोन्ही पिशव्यांकडे बघून ते हसले, पण ते हसू खोटं होतं. मग एकदा शाळेच्या रस्त्यावर उभे राहिले आणि घर कुठल्या बाजूला ते आठवेना. मुलगी इशिता बंगळुरूला असते, तिनं फोनवरून डॉक्टर शोधला. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाला, कमी होणार नाही, सावकाश जाईल. नदीचं मात्र त्यांना काही विसरायला होत नव्हतं. सकाळ झाली की छत्री, पूल, पट्टी. परत येऊन नोंद करायची आणि मग चहा. त्या एका गोष्टीला धरून माणूस उभा होता.

मग तो गणपतीच्या आधीचा दिवस आला. लख्ख ऊन पडलेलं आणि ह्यांनी मंगळ्याला फोन लावला, "पाणी चढतंय, निघा." मी परसात होते, मला पत्ता नाही. वाडी उठली. शिजता भात चुलीवर सोडून, कोंबड्या टोपल्यात कोंबून, म्हाताऱ्यांना उचलून सगळे वर शाळेत जाऊन बसले. खाली नदी शहाण्यासारखी वाहतेय, वर आकाश निळं. लोकांनी फोटो काढले, कुणी तरी ते मोबाइलवर फिरवले, मंडळाच्या नावानं हसले. संध्याकाळी मी हात जोडायला वाडीत गेले तर मंगळ्या म्हणाला, "कोरड्यात उठलो तं काय झाला काकी? पायच मोकले झाले." ठमाबाई म्हणाली, "मास्तराला रागावू नको गो." ज्यांना त्रास झाला त्यांची ही तऱ्हा. लाज वाटली ती पेणच्या मंडळाला.

मंडळाची बैठक झाली. ठरलं की ह्यापुढे कोणीही वाडीला स्वतः फोन करायचा नाही. सगळ्यांनी नोंद तेवढी करायची, पाणी चढतंय असं दिसलं की पेणच्या सर्व्हरवरून वाड्यांना फोन आपोआप जातील. मंडळातले एक गृहस्थ घरी येऊन ह्यांना हे समजावून गेले. माझ्यासमोर म्हणाले, "सर, दोन ठिकाणांहून निरोप गेले की गोंधळ होतो." ह्यांना ते पटलं. शिस्तीचे मास्तर ते, नियम पटला की संपलं. मंगळ्याचा नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं फोनमधून काढून टाकला.

त्याच सुमारास मंडळाच्या जुन्या सर्व्हरवर घाला पडला होता. सगळ्या नद्यांच्या नोंदी तिथं साठायच्या आणि आत शिरायला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड. नागोठण्याच्या मास्तरांनी म्हणे तो घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. बाहेरचा कोणी तरी आत शिरला आणि त्यानं एका पावसाळ्याच्या नोंदी पुसून टाकल्या. का पुसल्या देव जाणे. मग नवीन सर्व्हर उभा करायचं ठरलं आणि ते काम शौनककडे आलं. शौनक म्हणजे ह्यांचा विद्यार्थी. त्याचे वडील बदलीवर रोह्याला होते तेव्हा आमच्या घरी गणित शिकायला यायचा. आता पेणला स्वतःचा धंदा आहे, सर्व्हर बसवून देतो. मंडळाचं काम फुकट करायचा.

तो सगळ्यांच्या घरी जाऊन नवीन जोडणी करून देत होता, तसा आमच्याकडेही आला. मी समोर बसून कोलंबी सोलत होते. हात कामात पण कान मोकळे. शौनक ह्यांना समजावत होता, "सर, आता पासवर्ड कुणी कुणाला सांगायचाच नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये किल्ल्यांची जोडी तयार होते. एक किल्ली इथून हलत नाही, दुसरी पेणला जाते. तुम्ही जोडायला गेलात की सर्व्हर असं काही विचारतो, ज्याचं उत्तर ह्याच लॅपटॉपमधल्या किल्लीला देता येईल. वाटेत सगळं बंद पाकिटातून जातं, मध्येच कोणी ऐकलं तरी काही कळत नाही."

ह्यांनी विचारलं, "आणि कोणाला आत घ्यायचं हे ठरवतं कोण?"

"सर्व्हरवर नियमांची एक फाइल असते. कोण, कुठून, कुठल्या दालनात, कशाच्या ओळखीवर. सर्व्हर वरून खाली वाचत जातो. जुळणारी पहिली ओळ सापडली की तिथंच थांबतो. शेवटची ओळ अशी की बाकी सगळ्यांना मनाई."

"म्हणजे ओळींचा क्रम चुकला तर घोटाळा," हे म्हणाले.

शौनक हसला. म्हणाला, "सर, तुम्ही अजून पेपर तपासताय." पण हसताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, लॅपटॉप जुना आहे, कंटाळला असेल पोरगा. जोडणी झाली. ह्यांनी पुलावर जाऊन पट्टी बघून आल्यावर पहिली नोंद केली आणि पडद्यावर आलं, 'नोंद मिळाली. आभारी आहोत.' ते मला हाक मारून म्हणाले, "लतिका, बघ, माझी स्वतःची किल्ली आहे आता." इतक्या महिन्यांत मी त्यांना असं खूश बघितलं नव्हतं. मी शौनकला कोलंबीचं खडखडलं, आमचं ते सुकं कालवण, करून जेवायला वाढलं. तो नीट जेवला नाही.

तो पावसाळा गेला, दुसरा आला. ह्यांचं बाकी सगळं गळत चाललं होतं. शर्टाची बटणं चुकायची, इशिताच्या मुलाचं नाव आठवायचं नाही. पण पूल आणि नोंद चुकली नाही. पडद्यावर 'नोंद मिळाली' आलं की माझ्याकडे बघून मान डोलवायचे आणि मी चहा टाकायची. मला त्या पेणच्या यंत्राबद्दल प्रेमच वाटायचं. म्हटलं, जगात कोणी तरी आहे जो आमच्या माणसाला अजून ओळखतो.

आणि आषाढात तो दिवस उजाडला. वर घाटात रात्रभर पाऊस झाला होता. हे सकाळी पुलावर जाऊन आले, नोंद केली. चहा घेतला आणि परत गेले. मी मागे छत्री घेऊन धावले तर पुलाच्या कठड्याला धरून उभे होते, पायाखालून पिवळं पाणी जात होतं, ओंडके, चपला, काय काय. पाणी लाल रेघेच्या जवळ आलं होतं. घरी येऊन ओल्या कपड्यांतच लॅपटॉपपुढे बसले. मी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि मागे उभी राहिले. त्यांनी आकडा घातला, वेळ घातली, खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'वाडी ताबडतोब हलवावी.' बटण दाबलं. नोंद मिळाली. आभारी आहोत.

"मंगळ्याला फोन गेला असेल," ते म्हणाले. मग परत म्हणाले, "आपोआप जातो आता." थोड्या वेळानं परत पुलावर गेले, परत येऊन परत नोंद केली. परत आभारी आहोत. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कोर्टात उभं केलं तरी हेच सांगेन.

दुपारी वाडीत पाणी शिरलं. कोणाला फोन नाही, निरोप नाही. वाडी मास्तरांच्या फोनची वाट बघत बसली, कारण इतकी वर्षं तो आल्याशिवाय राहिला नव्हता. मंगळ्या कोलाडला कामाला गेलेला. पारीनं दोन्ही पोरांना काखेत मारून वर पोचवलं आणि सासूला आणायला परत खाली धावली, पण घरात शिरता येईना इतकं पाणी. ठमाबाई दोन दिवसांनी खाली खाडीच्या अंगाला सापडली.

तिसऱ्या दिवशी मंगळ्या आमच्या दारात आला. भांडायला आला असता तर मला सोपं गेलं असतं. तो पायरीवर बसला, आईच्याच जागेवर, आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा फोन नाय आला. म्हंजे आमी वाट बगत व्हतो. आजारी व्हता काय?"

हे म्हणाले, "मी नोंद केली नाही का रे?" मंगळ्याला काय विचारतायत ते त्यांनाच कळत नव्हतं. मग आत गेले, लॅपटॉप उघडला, मागच्या नोंदी काढल्या. होत्या. सगळ्या होत्या. मंगळ्या म्हणाला, "मग पेनला कुनी बगितला नाय." पण हे पुटपुटत होते, "मी नंतर तर नाही ना लिहिल्या ह्या? आज लिहिल्या असतील." माझं डोकं फिरलं. मी पेणला मंडळाच्या ऑफिसात फोन लावला. तिथे प्रणिता नावाची मुलगी असते. मी तिला म्हटलं, "अगं, सरांनी इतक्या नोंदी केल्या, वाडी हलवा म्हणून लिहिलं, तुम्ही तिथे झोपा काढत होतात का?"

ती बिचारी सहज बोलून गेली, "काकू, सरांच्या नोंदी इकडे कुठे येतात? त्या सरावात जातात." मग तिलाच कळलं की मला माहीत नव्हतं. तिनं घाईघाईनं फोन ठेवला.

मी तशीच उठले आणि गाडी पकडून पेणला गेले. गणपतीच्या कारखान्यांतून रंगाचा वास येत होता, माहेरचा रस्ता, पण मला काही दिसत नव्हतं. शौनक ऑफिसात होता. मला बघून उभा राहिला आणि सगळं त्यानं स्वतःच सांगितलं. मंडळानं त्याला ठरवून दिलं होतं, टिपणीस सरांना नवीन सर्व्हरवर घ्यायचं नाही. पुलावर यंत्र बसवलंय, ते पाणी मोजेल. सरांना तसं सांगून टाक. आणि ते सांगणं ह्याच्या तोंडून निघालं नाही. म्हणून नवीन लोकांना शिकवायला जे सरावाचं दालन केलं होतं, त्यात त्यानं सरांना ठेवलं. त्या नियमांच्या फाइलीत सरांच्या नावापुढे तेवढं एकच दालन. किल्ली खरी, पाकीट बंद, ओळख पक्की. सगळं अगदी खऱ्यासारखं. फक्त तिथं लिहिलेलं कोणी वाचत नव्हतं, आणि तिथून फोन कोणाला जात नव्हते. सुरुवातीला शौनक स्वतः रोज बघायचा, सरांचे आकडे यंत्राशी जुळतात का ते. जुळायचे. मग कामं वाढली आणि बघणं सुटलं. त्या दिवशी पुलावरच्या यंत्रात पालापाचोळा आणि प्लास्टिक अडकलं होतं. पेणच्या पडद्यावर कुंडलिकेचं पाणी निम्म्यावर दिसत होतं.

"काकू, सरांना नाही कसं म्हणणार होतो मी?" तो रडत होता.

"नाही म्हणायचं होतंस," मी म्हटलं. "शिकवताना त्यांनी तुला कितीदा चूक म्हटलंय, तू मेलास का त्यानं? नाही म्हटलं असतंस तर माणूस घरात बसून चिडला असता, मला घालून पाडून बोलला असता. आणि त्या दिवशी पाणी बघून सरळ धावत वाडीत गेला असता. तुमच्यावर विश्वास होता म्हणून तो घरी चहा पीत बसला. तुम्ही सगळ्यांनी मिळून इतका मान दिलात की माणूसच खोटा करून टाकलात."

मला त्या पोराला मारावंसं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, चल, त्यांना तोंडावर सांग.

तो आला. ह्यांच्यासमोर खाली बसला आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ह्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "सराव म्हणून वेगळं दालन. कल्पना चांगली आहे." मला हायसं वाटलं. वाटलं, कळलं त्यांना, सुटले.

पण कसलं काय. सकाळी उठले ते म्हणाले, "लतिका, मी नोंद करायला विसरलो. ठमाबाई गेली."

मी परत सांगितलं. दुपारी परत म्हणाले. मी परत सांगितलं. शौनकनं सांगितलेलं सगळं पुसून गेलं होतं, आणि ठमाबाई गेली तेवढं मात्र खिळा मारल्यासारखं पक्कं बसलं होतं. आपलं डोकं विसरतं हेही पक्कं ठाऊक. त्या दोन्हींची बेरीज त्यांनी करून टाकली. गणिताचे मास्तर ना. त्यांच्या दृष्टीनं उत्तर चुकीचं नव्हतंच.

मी लॅपटॉपवरच्या नोंदी दाखवायची. ते म्हणायचे, मी मागाहून भरल्या असतील. मी म्हणायची, मी मागे उभी होते, टॉवेल टाकला खांद्यावर. ते माझा हात थोपटायचे आणि म्हणायचे, "तू माझी समजूत काढतेस." शौनक दोनदा पेणहून आला, परत पहिल्यापासून सांगितलं, परत रडला. तो गेल्यावर हे म्हणाले, "गुणी मुलगा आहे. माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतोय." मी कपाळाला हात लावला. ज्या पोरानं एकदा लाजेखातर खोटं केलं, त्याचं खरं आता कुठं चालेनासं झालं.

जेवण सुटत चाललं. घास तोंडाशी नेऊन थांबायचे आणि विचारायचे, "मंगळ्या आला होता का?" मंडळानं पत्रक काढून चूक कबूल केली, ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून विचारलं, "हे कोणी लिहिलं? तू?" मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन रिकामा कुकर आपटला. राग कोणावर काढायचा तेच कळेना. ह्यांच्यावर काढून उपयोग नव्हता आणि बाकी कोणी घरात नव्हतं.

दिवाळी झाली. दिवाळीनंतर वाडीतली माणसं भट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाशी परत येतात. मंगळ्या आणि पारी जाण्याआधी भेटायला आले. मी दोघांना आत बसवलं. पारी खाली मान घालून बसली होती, त्या दिवसापासून ती पण धड बोलत नाही. मंगळ्याला बघितल्याबरोबर हे खुर्चीतून उठले. त्याच्यासमोर जाऊन हात जोडले आणि म्हणाले, "मंगळ्या, मी विसरलो रे. तुझी आई गेली माझ्यामुळे. मला नोंद करायची आठवण राहिली नाही."

मी तोंड उघडलं. "अहो, तुम्ही केली होतीत, किती वेळा सांगू." शंभरदा म्हटलेलं वाक्य, जीव तोडून परत म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते मंगळ्याकडे बघत होते, जोडलेले हात तसेच.

मंगळ्याला सगळं ठाऊक होतं. शौनक वाडीत जाऊन त्याच्याही पायाशी बसला होता. मंगळ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पारीकडे, आणि मग ह्यांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"व्हय मास्तर," तो म्हणाला. "इसरलात तुमी. व्हतय तसा. वय झाला. आये काय बोलली नसती तुमाला, मी पन नाय बोलत. माफ केला."

ह्यांच्या छातीतून एक मोठा श्वास निघाला. इतक्या महिन्यांत तसा श्वास मी ऐकला नव्हता. खुर्चीत बसले आणि रडले, पोटभर रडले, मंगळ्या शेजारी उभा होता. ज्याची आई गेली तोच बोलला होता, त्याच्यापुढे मी काय खरं-खोटं करणार? पारी उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या पदराचं टोक धरून उभी राहिली.

ते दोघं गेल्यावर हे जेवायला बसले. आमटीभात मागून घेतला, वर दही घेतलं. जेवता जेवता मध्येच थांबले आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, दुखावल्यासारखं.

"मंगळ्यानं खरं सांगितलं," ते म्हणाले. "तू मात्र इतके दिवस माझ्याशी खोटं बोललीस, लतिका."

मी त्यांच्या पानात आणखी थोडा भात वाढला आणि "हो" म्हटलं.